शफीचा शेंदरी खांब

उमापूरच्या शफीने आयुष्यात कधी रंगाच्या तेलात पाणी घातलं नाही. सरकारी तळ्याचं पाणी सोडायचं दार उचलायला लोखंडी खांब उभा राहिला, तेव्हा रंगवायचं काम त्यालाच मिळालं. चार दिवस त्याने तो नुसता घासला. "लोखंडाला हवा खाती, पाणी नुस्तं तिला साथ देतं," तो म्हणायचा. "तिला आत शिरू द्यायचं न्हाई, बस."

मग जवसाच्या तेलात शेंदूर घोटून त्याने पहिला हात दिला. वरून काळा रंग द्यायचा होता. तो आलाही, पण तळ्यावरच्या दरोग्याने आपल्या बंगल्याच्या दारांना फासला. शफीने तीनदा मागितला. "लाल बी बरा दिसतो बे," दरोगा म्हणाला.

आता तळ्याकाठी शेंदरी खांब दिसल्यावर लोक गप्प बसतील? आठ दिवसांत मंजुळाबाईने त्याला हळदकुंकू वाहून त्याच्याच अंगावर नारळ फोडला. शफी धावत आला. "मावशे, यो देव न्हाई, खांब हाय!"

"शेंदूर तूच लावलास, आन् तूच न्हाई म्हणतूस व्हय?"

दर मंगळवारी नारळ फुटू लागले आणि नारळ बसेल तिथे रंगाचा टवका उडू लागला. दोन पावसाळ्यांत खांब कमरेच्या उंचीवर गंजून फुगला. दरोग्याने चारचौघांत तोंड सोडलं, "तेल विकून खाल्लंस बे, शफी!"

काळा रंग कोणी खाल्ला, ते सगळ्या गावाला ठाऊक. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

शफीचं पित्त खवळलं. सगळ्यांदेखत त्याने खांब खरवडला. टवक्यापाशी रंगाचा पापुद्रा निघाला, खाली चार बोटं गंज सरकलेला. मग हात पोचत नव्हता तिथे, शिडी लावून त्याने वर खरवडलं. आत लख्ख लोखंड.

"त्येच तेल, त्योच हात. मंग वर कावून न्हाई सडला?"

मंजुळाबाई पुढे झाली. "नारळ आमी फोडले, दरोगासायब. याचं काय चुकलं?"

दरोग्याला सगळं कळलं. तरी तो म्हणाला, "परवा बडे सायब येणार हायत. गंजावरच काळा मार."

"आतल्या आत खाईल त्यो," शफी म्हणाला, आणि कुंचला दरोग्याच्या पायाशी टाकून निघून गेला.

दुसऱ्या कोणीतरी रंग मारला. साहेब खूश झाले. तिसऱ्या पावसाळ्यात पावसाने ओढ दिली आणि दार उचलताना खांब मोडला, नेमका नारळाच्या उंचीवर. खालची उभी ज्वारी पाण्यावाचून वाळली आणि गावभर झालं, शफीचा खांब मोडला.

असं कोणी बोललं की मंजुळाबाई पदर खोचून भांडायला उठायची, "शफीचा व्हता तवर उभा व्हता!"