तिच्या वाटणीची थप्पड

पहिल्या बाकावरच्या वैशालीची थप्पड कानावर बसली आणि कान वाजत राहिला. सातवीचा वर्ग. अपूर्णांकांचा भागाकार मला आला नव्हता.

गणिताच्या सरांचा नियमच होता. ज्याला उत्तर येईल त्यानं न येणाऱ्याच्या थोबाडीत मारायची. शिक्षकांनी मारायला बंदी आहे, म्हणून सर स्वतः हात लावत नसत. हळू मारली तर म्हणायचे, "परत." अशानं म्हणे वर्ग जागा राहतो. उत्तरं यायची ती पहिल्या दोन बाकांना. त्यांची शिकवणी सरांच्याच घरी. आम्ही कुंभारीहून, विडी कामगारांच्या वसाहतीतून यायचो. वर्गात सर फळ्यावर उदाहरण लिहायचे, खाली उत्तर. मधलं काहीच नाही.

माझी तंबाखूनं पिवळी झालेली बोटं बघून सर म्हणाले, "विड्या वळणाऱ्या हातांना गणित कशाला? जा, बाहेर उभी राहा."

व्हरांड्यात उभी राहिले. शेजारच्या वर्गात एक बाई तेच शिकवत होत्या. प्रत्येक पायरी मोठ्यानं बोलत. आधी स्वतः केलं. मग मुलांना बरोबर घेऊन. मग म्हणाल्या, "आता तुमचं तुम्ही करा."

मी बोटानं भिंतीवर केलं. आलं. थपडेनं आलं नव्हतं ते रडू तेव्हा आलं.

दुसऱ्या दिवशी मी हात वर केला. उत्तर बरोबर निघालं.

"वा. आता मार शेजारणीला."

शेजारी रेणुका. तिला उत्तर आलं नव्हतं. आमच्याच गल्लीतली. तिनं डोळे मिटून गाल पुढं केला. सवयीनं.

"मार की," ती पुटपुटली. "न्हायतर तुलाच बसंल."

हात उचलला होता मी. लपवत नाही. मग खाली घेतला.

"सर, तिला शिकवलंच न्हाय. मारू कशाला?"

त्या दिवशी सरांनी स्वतः मारलं. ओठ फुटला. रक्त वहीवर पडलं. त्याच वहीत मी रेणुकाला पहिली पायरी लिहून दाखवली. पाठीत बुक्की बसली. मी दुसरी पायरी लिहिली.

आता बी.एड.ला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. फळ्यासमोर अजून आवाज कापतो. मागच्या आठवड्यात एका शाळेत सराव पाठ होता. मागच्या बाकावरच्या एका मुलीला उत्तर आलं नाही. तिनं डोळे मिटले आणि गाल पुढं केला.

मी खडू घेतला. सगळं पहिल्यापासून केलं. एकेक पायरी, मोठ्यानं, तिला बरोबर घेऊन. पाठ अर्धा राहिला, माझे गुण गेले.

जाऊ देत. मी न शिकवलेल्याचा मार माझ्या वर्गात कुणी खाणार नाही. आणि त्या मुलीला असा गाल पुढं करायला ज्यानं शिकवलं, त्याचं नाव मी शोधून काढणार आहे.