गिरणीतलं पाळणाघर

गिरणीत पाळणाघर फुकट होतं. शेजारणीला द्यायचे पैसे वाचतील म्हणून मी तान्ह्या मुलीला तिथं ठेवलं. पाजायला सुट्टी होती, पण सूत तुटत असलं की जॉबर, म्हणजे आमच्या खात्याचा मुकादम, सोडत नसे. मी पोहोचेपर्यंत पाळणाघरातल्या बाईने तिला साखरपाणी देऊन निजवलेलं असे.

"उठवू नको की गं. तू जाशील कामावर, रडं मला सांभाळावं लागतंय."

"मग ह्या दुधाचं काय करू?"

"मोरी हाय की तितं."

मी दूध मोरीत पिळून मशीनवर परत जाई. महिन्याभरात ते आटलं. शेजारणीचे वाचलेले पैसे गवळ्याकडे जाऊ लागले. त्याचं दूध मुलीला पचत नव्हतं. नोकरी सोडली असती तर तेही मिळालं नसतं.