मीठ आठवतंय का?

मंगळवार पेठेत आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या चाचीनं आपल्या हातच्या रश्श्याची चव चुलीपाशी कधी स्वतः बघितली नाही. रमजानात रोजा असायचा, तेव्हा ते समजण्यासारखं होतं. पण तीच सवय तिनं बाराही महिने चालवली. वाफेवर नाक धरायची, डोळे मिटायची आणि मग मधल्या भिंतीवर पळी आपटायची. "ए मास्तरीण, ये की! चव बघ." माझे यजमान शाळेत मास्तर, म्हणून लग्न होऊन आल्या दिवसापासून मी मास्तरीण. मी तळहातावर रस्सा घ्यायची आणि खरं काय ते सांगायची. "मास्तरीण खोटं बोलत न्हाय," असं ती साऱ्या गल्लीला सांगत सुटायची.

चाचा शिरोलीला फौंड्रीत साचे करायचे. शनिवारी काम सुटलं की मित्रांबरोबर खानावळीत तांबडा रस्सा ओरपायचे आणि घरी येऊन त्याचंच कौतुक. दुसरी बाई भांडली असती. चाचीनं त्यांना पाटावर बसवून उलटतपासणी घेतली. कट किती होता, तीळ लागत होते का, खोबरं तळलेलं की भाजलेलं? चार शनिवार ती करत राहिली, मी चाखत राहिले. पाचव्या शनिवारी चाचा खानावळीत गेलेच नाहीत. "मानूस जेवाय भाईर जातोय म्हंजे चुलीचं कायतरी चुकतंय," असं तिचं साधं म्हणणं होतं.

मग चाचांच्या पायांवर सूज आली. किडन्या खराब झाल्यात, मीठ पूर्ण बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. चाचीनं त्याच दिवशी मिठाची बरणी आमच्याकडे आणून ठेवली. "एका घरात दोन चवी नकोत. मी बी तसंच खानार." तरी महिना झाला, सूज उतरेना. डॉक्टर तिच्यावरच ओरडले. चिमूटभरही घातलं नाही, असं ती शपथेवर सांगत होती. एका दुपारी ती दुसरीच बरणी मांडीवर घेऊन आमच्या उंबऱ्यावर बसली. रोज रश्श्यात पडणाऱ्या कांदा-लसूण चटणीची. उन्हाळ्यात वर्षाची चटणी डंकावर कुटून आणताना त्यात मीठ घालावंच लागतं, नाहीतर बुरशी धरते. ते तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी तर रोज चव बघत होते! फिकं लागतंय, एवढंच म्हणत होते. "म्हैनाभर माझ्याच हातानं इख घातलं गं," ती म्हणाली. तो दिवस आठवला की मला आजही माझी लाज वाटते.

त्यानंतर आठवड्याला पुरेल एवढीच बिनमिठाची चटणी ती खलबत्त्यात कुटू लागली. कांदा निखाऱ्यावर पार काळा करायची, तीळ जळायच्या बेताला आणायची, वरून लिंबू. पळी पूर्वीसारखीच वाजायची, पण प्रश्न बदलला होता. "मीठ आठवतंय का?" मी म्हणायची, "आठवतंय." ती पुन्हा भाजायला बसायची. कितीतरी दिवसांनी एकदा मी म्हणाले, "न्हाई आठवत." तेव्हा ती पदरात तोंड लपवून रडली. चाचांची कुरकुर मात्र चालूच. "ह्यो काय रस्सा हाय व्हय? एकदा घाल की मीठ. मेलो तर मेलो." तोंडानं असं म्हणायचे आणि ताट पुसून खायचे. दोन वर्षं त्या बाईनं आपला माणूस असा ओढून धरला.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता मागतील ते द्या." याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही. चाचीनं मिठाची बरणी माझ्याकडून परत नेली आणि पहिल्यासारखा शनिवारचा रस्सा केला. मी चव बघितली, अगदी बरोबर होता. चाचांनी एक घोट घेतला आणि वाटी बाजूला सारली.

"खारट झालाय. माझा रस्सा दे."

चाची उठली. पुन्हा कांदा भाजायला बसली. तो रस्सा त्यांनी वाटीभर खाल्ला. चौथ्या दिवशी गेले.

चाळिसाव्याच्या जेवणाला फौंड्रीतली माणसं आली. डेगभर रस्सा चाचीनं एकटीनं केला, कुणाला चुलीजवळ येऊ दिलं नाही. भिंतीवर पळी वाजली. मी जाऊन तळहात पुढं केला. रश्श्यात मीठ नव्हतं. दोन वर्षांच्या सवयीनं तिचा हात बरणीकडे गेलाच नव्हता. "बरोबर हाय का गं?" ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मीठ घाला म्हणणं म्हणजे चाचा गेले हे तिला नव्यानं सांगणं होतं, आणि ते मला जमलं नाही.

"बरोबर हाय," मी म्हणाले.

बाहेर पंगतीत एक तरणा कामगार ओरडला, "आवं, मीठ इसरलं की!" शेजारच्या म्हाताऱ्या कारागिरानं त्याच्या मांडीवर चापट मारली. "गप जेव. त्यो असंच खात हुता." मग कुणी मीठ मागितलं नाही.

सगळ्यांत शेवटी चाची माझ्यासमोर जेवायला बसली. तिनं भाकरी कुस्करली, वर रस्सा ओतला आणि घास घेतला. माझा जीव टांगणीला लागला होता. ती सावकाश चावत राहिली, मग तिनं मान हलवली.

"झालाय की बरोबर," ती म्हणाली. "मास्तरीण खोटं बोलत न्हाय."