ताडगोळ्याची पुरचुंडी

सुनेनं आज बोईसरच्या बाजारातून ताडगोळे आणले. सोलताना त्यांचा ओला, गोडसर वास घरभर पसरला आणि माझं डोकं पुन्हा तापलं.

तेव्हा तारापूरचं वीजकेंद्र उभं राहत होतं. यांना तिथं काम लागलं म्हणून आम्ही साताऱ्याकडून येऊन घिवलीत राहिलो होतो. माझ्या विलासला दात येत होते. हिरड्या लालभडक सुजलेल्या, झबलं लाळेनं भिजलेलं, सकाळपासून रडं थांबेना. शेजारच्या जमनाबायनं गार ताडगोळा सोलला, मलमलच्या फडक्यात घट्ट बांधला आणि त्याच्या हिरड्यांना लावला. पोर चोखता चोखता गप्प झालं.

तेवढ्यात यांची थोरली बहीण, आमच्या वन्सं, बाहेर आल्या.

"ताडीच्या झाडाचं फळ? पोराला आत्तापासून दारुडा करताय होय?" असं म्हणत त्यांनी ती पुरचुंडी हिसकावून अंगणात भिरकावली.

"ताडी नाय ताई, निसतं गोड पानी हाय याच्यात," जमनाबाय कळवळून म्हणाली.

"आधी चाखून तर बघा!" मीही ओरडले.

"मी? शिवायचीसुद्धा नाही!"

विलासनं पुन्हा टाहो फोडला, तो थेट संध्याकाळपर्यंत.

आज वन्संच्या तोंडात एकही दात उरलेला नाही. "मला दे गं, हे चावावं लागत नाही," म्हणत त्यांनी सुनेपुढं हात पसरला. एक संपला, दुसरा संपला.

"हिरड्यांना काय गार वाटतं म्हणून सांगू!"

"विलासही तेव्हा रडून रडून तेच सांगत होता, वन्सं," मी म्हटलं आणि ताटली उचलून आत नेली.