मालकांची खुर्ची

आमच्या घरमालकांइतका बेइमान प्रेक्षक अख्ख्या मराठवाड्यात सापडणार नाही. आणि सापडलाच, तर तो नेमका हरत असणार आणि मालक खुर्ची घेऊन त्याच्याच शेजारी जाऊन बसलेले असणार.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉलचा संघ कुणी निवडत नाही, तो पेठेबरोबर जन्मानंच मिळतो. दुसऱ्या पेठेच्या गोलला चुकून टाळी वाजवली, तर घरी आई तांबडा रस्सा पातळ वाढते. अशा संस्कारांत वाढलेला मी नोकरीनिमित्त संभाजीनगरला आलो आणि या गृहस्थांच्या वरच्या मजल्यावर राहू लागलो. मालक मूळचे पिशोरचे, औरंगपुऱ्यात त्यांचं पंख्यांचं दुकान. पहिल्याच रविवारी त्यांनी मला भारताची मॅच बघायला खाली बोलावलं. सुरुवातीला मालक आपण घेतलेल्या प्रत्येक विकेटला उड्या मारत होते. पण समोरच्यांचे सात गडी बाद झाल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "बिचारे! किती लांबून आलेत हो," असं म्हणत ते चक्क परक्या फलंदाजासाठी हात जोडून बसले. काकूंनी शांतपणे त्यांच्या हातातला चहा काढून घेतला आणि त्यांना स्वयंपाकघरात बसवलं. भारत जिंकायला लागला की त्यांची जागा तिथेच, हा त्या घरचा जुना नियम होता.

खरा तमाशा मात्र कॉलनीच्या मैदानावर. हिवाळ्यात तिथं टेनिस बॉलच्या मॅचेस चालतात. मालक घरून हिरवी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन जातात आणि जो संघ हरत असेल त्याच्या बाजूला मांडतात. पारडं फिरलं की उठायचं, खुर्ची डोक्यावर घ्यायची आणि मैदानाला वळसा घालून पलीकडं जायचं. त्यामुळे तिथं धावफलक कुणी बघतच नाही. उशिरा आलेला माणूस शेंगदाणेवाल्याला विचारतो, "चाचा की कुर्सी किधर है?" आणि उत्तर मिळालं की त्याला सगळी मॅच कळते. एकदा चुरशीच्या सामन्यात मालकांच्या एवढ्या फेऱ्या झाल्या की दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते पाय शेकत बसले होते. मी विचारलं, "हे कशासाठी करता?" तर म्हणाले, "जितणाऱ्याजवळ लई लोकं असतेत. तिथं माझं काय काम?"

पुढं मलाही आमच्या गल्लीच्या संघात घेतलं, अकरावा माणूस मिळेना म्हणून. नव्या गावात आपलं म्हणावं असं तोवर मला मालकांशिवाय कुणी नव्हतं, म्हणून आपण जिंकत असताना त्यांनी आपल्या बाजूला बसावं, एवढीच माझी इच्छा होती. मी शेवटचा फलंदाज म्हणून उतरलो, तेव्हा हिरवी खुर्ची आमच्याकडे होती. म्हणजे आमचं काही खरं नव्हतं. "मारा कोल्हापूरकर!" मालक ओरडले. मी डोळे मिटून बॅट फिरवली, चौकार! पुन्हा फिरवली, पुन्हा चौकार. आता एक फटका बसला की जिंकलो. एवढ्यात बघतो तर मालक उठलेले, खुर्ची डोक्यावर. "अहो मालक, बसा की!" मी खेळपट्टीवरून ओरडलो आणि मागं दांडी उडाली. अर्ध्या वाटेवरून मालक लगबगीनं परत आले. मला पाण्याची बाटली त्यांनीच दिली. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही.

मग गणपतीत कॅरमची स्पर्धा झाली आणि मालक अंतिम फेरीत पोचले. वर्षभर त्यांनी या दिवसाची वाट पाहिली होती. समोर वैजापूरचे एक निवृत्त मास्तर. मास्तरांनी राणी घेतली, सोंगट्यांवर सोंगट्या घातल्या, आणि सगळा मंडप हळूहळू त्यांच्या पाठीमागे सरकला. मालकांच्या बाजूला कुणीच उरलं नाही. मला ते बघवेना. मी घरून आणलेली माझी खुर्ची डोक्यावर घेतली, सगळ्यांच्या देखत मंडप ओलांडला आणि त्यांच्या शेजारी मांडली.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "एवढी वाईट हालत हाय का माझी?"

"व्हय," मी म्हणालो.

ते खुदकन हसले. "बसा मंग," म्हणाले आणि सपशेल हरले. घरी येताना दोन्ही खुर्च्या त्यांनीच उचलल्या, मला हातही लावू दिला नाही.

आता बदली होऊन मी पुन्हा कोल्हापुरात आहे. आमच्या पेठेच्या पोरांमागे बसतो, घसा बसेपर्यंत ओरडतो. पण समोरचा संघ फारच हरायला लागला की माझे पाय वळवळतात आणि मालकांची फार आठवण येते. अजून उठलो नाही, रस्स्याची भीती आहे. मालक इथं असते तर केव्हाच पलीकडं गेले असते, आणि त्यांच्यामागून मीही.