नत्थूजींची सब्बल

नत्थूजींसारखा कडक राखणदार अख्ख्या नागपुरात सापडायचा नाही. संशोधन केंद्राच्या त्या खोलीत खिळासुद्धा लोखंडी नव्हता, सगळं पितळेचं. आत दोन यंत्रं होती. एक आकाशातून येणारे विश्वकिरण मोजायचं, दुसरं पृथ्वीचं चुंबकत्व. लोखंड जवळ आलं की दुसरं बिथरायचं. म्हणून नत्थूजी दारात बसून सगळ्यांच्या किल्ल्या, पट्टे काढून घ्यायचे. एकदा तर खुद्द संचालक पँट हातानं धरून आत गेले!

तिथल्या संशोधक भैरवी मॅडम तीन वर्षं वादळांचे आकडे जमवत होत्या. गडगडाट झाला की किरण वाढायचे आणि दुसऱ्या यंत्राची, चुंबकाची रेघही हटकून उसळायची.

"दर वादळात, नत्थूजी!" मॅडम हरखून म्हणाल्या. "सोमवारी शोधनिबंध पाठवते."

"उसळनच ना जी. मी सब्बल टाकतो तवाच."

"कसली सब्बल?"

नत्थूजी सावनेरकडचे. आभाळ कडाडलं की लोखंड अंगणात फेकायचं, वीज त्याच्यावर पडते आणि घर वाचतं, हे त्यांना बापानं शिकवलेलं. मॅडमच्या यंत्राचं काही होऊ नये म्हणून बिचारे दर वादळात दहा किलोची सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, खोलीच्या भिंतीशी बाहेरून नेऊन टाकत.

"अहो, लोखंड चालत नाही हे तुम्हालाच ठाऊक!"

"आत नाही चालत म्हनलं होतं तुमी. मी तर बाहेर टाकून राहिलो!"

मॅडम मटकन खाली बसल्या. "आता किरणांवर तरी कोण विश्वास ठेवेल? सब्बलीशिवायचं एक वादळ हवं. सोमवारच्या आत."

नत्थूजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारी दुपारी आभाळ भरून आलं. नत्थूजींनी सब्बल गल्लीपलीकडच्या रसवंतीत नेऊन ठेवली आणि दाराशी, दोन्ही यंत्रांचे आकडे दाखवणाऱ्या स्क्रीनसमोर बसले. वीज कडाडली. हात शिवशिवले, ते त्यांनी मांडीखाली दाबले. किरणांचा आकडा भराभर चढला. चुंबकाची रेघ मात्र सरळच्या सरळ. वा रे वा! तेवढ्यात मॅडम पावसातून धावत आल्या आणि तशाच आत शिरल्या. रेघ टुणकन उसळली.

"नत्थूजी! पुन्हा?"

"माह्याजवळ काहीच नाही जी! तुमच्या हातात काय हाय?"

मॅडमनी हाताकडे पाहिलं. काळी, लांब, लोखंडी काड्यांची छत्री.

"अगं बाई! थांबा, बाहेर ठेवते."

"बाहेर नाही," नत्थूजींनी हात पुढे केला. "रसवंतीत. अर्धा निबंध तरी वाचू द्या, मॅडम."