पाचचं रीडिंग

आज मांडवीतल्या आमच्या घरी नळाला गढूळ पाणी आलं. काचेच्या बरणीत निवळत ठेवलं आणि तळाशी बसणारी लाल माती बघता बघता मी दापोलीच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत जाऊन पोचले.

उंच काचेच्या नळकांड्यात आमच्या दाभोळची माती ढवळून ठेवली होती. वाळू मिनिटभरात तळाला जाते, चिकणमातीच्या कणांना तासन्‌तास लागतात. त्या वेळावरूनच कण केवढा ते काढायचं. सकाळपासून मी घड्याळाशी जखडलेली. पाचला शेवटचं रीडिंग होतं आणि तोवर टेबल जरासुद्धा हलता कामा नये.

चारला अब्बा आले. आखातात नोकरीला निघाले होते. बोलता बोलता टेबलाला टेकायला गेले.

"अब्बा, हात लावू नका!" मी ओरडलेच.

ते दचकून मागे सरले. हात पाठीशी बांधून दारात उभे राहिले.

"एस्टीपर्यंत येतेस?"

"पाचच्या आत नाही निघता येणार."

"बरं. काम कर तुझं," म्हणाले आणि गेले.

पाचचं रीडिंग अचूक आलं. अब्बा आखातातून कधीच परत आले नाहीत.

माती काय, दुसऱ्या दिवशी पुन्हा ढवळता आली असती.